ताबा सुटतो, तर खालच्यावरच का सुटतो?

भर रस्त्यात कुणीतरी कुणाला तरी तुडवतो, तिसरा कुणीतरी ते मोबाईलवर शूट करतो, आणि मग दोन दिवस जो वाद चालतो तो आता इतका पाठ झालाय की व्हिडिओ संपायच्या आत सांगता येतं कोण काय लिहिणार. एक पार्टी म्हणते, अहो लोक किती टेन्शनमध्ये जगतायत, कर्जं आहेत, झोप नाही, कॉर्टिसॉल नावाचं स्ट्रेस हार्मोन वाढलेलं, एखाद्याचं फिरतं डोकं, समजून घ्या. दुसरी म्हणते, टेन्शन काय आम्हाला नाही? आम्ही नाही कुणाचं डोकं फोडलं, हा मुळातच तसला, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, आत टाका. हल्ली एक तिसरीही निघालीय, ती या गोंधळात कॉर्टिसॉल उतरवायची पावडर विकून मोकळी होते. तिघंही सायन्सच्या नावानं बोलतात आणि तिघांनीही आपल्या सोयीचं तेवढंच पान फाडून घेतलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: स्ट्रेस हार्मोन्सचा मारकुटेपणाशी संबंध आहे, स्वभावाचाही आहे, पण हात कुणावर उठणार आणि कुणावर नाही हे ना हार्मोन ठरवतं ना स्वभाव. कुणावर हात उचलला तर खपून जातं, यावर ते ठरतं, आणि नेमकं हेच दोन्ही पार्ट्यांच्या बोलण्यात कधी येत नाही.

आधी कॉर्टिसॉल. बिचाऱ्याची फुकट बदनामी झालीय. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिच्युटरीला निरोप, पिच्युटरीकडून किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात, अशी ती साखळी. रक्तातली साखर वाढवायची, सूज आटोक्यात ठेवायची, अडचणीच्या वेळी शरीराला इंधन कमी पडू द्यायचं नाही, ही त्याची कामं. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते दिवसातल्या सगळ्यात वरच्या पातळीला असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. ते रागाचं हार्मोन असतं तर जगातल्या निम्म्या मारामाऱ्या दात घासता घासता झाल्या असत्या. टायमिंगही बघा. लॅबमध्ये माणसाला स्ट्रेस देतात म्हणजे काय करतात, तर अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला लावतात, परीक्षकांनी चेहरा दगडासारखा ठेवायचा, मग तोंडी वजाबाकी करत उलटं मोजायला लावतात, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि अधूनमधून तोंडात कापसाचा बोळा देऊन लाळ घेतात. त्या लाळेतलं कॉर्टिसॉल शिखराला पोचतं ते स्ट्रेस सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी. रस्त्यावरचं भांडण तोवर होऊन लोक पांगलेलेही असतात. त्या क्षणी छाती धडधडते ती अॅड्रिनॅलिनमुळे. म्हणजे "कॉर्टिसॉल वाढलं म्हणून मारलं" हे निदान इतक्या सरळ स्वरूपात तरी टिकत नाही.

पण म्हणून पहिल्या पार्टीला हसून घालवता येणार नाही, त्यांच्या बाजूचा पुरावा चांगलाच वजनदार आहे. मेनो क्रूक, योझेफ हालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवर एक गोष्ट दाखवली. हायपोथॅलॅमसमध्ये एक जागा अशी आहे की ती करंट देऊन चेतवली की उंदीर समोरच्यावर तुटून पडतो. ती चेतवली की स्ट्रेस हार्मोन झपाट्यानं वाढतं, समोर दुसरा उंदीर नसला तरी वाढतं, आणि उलट, हार्मोन बाहेरून टोचलं की तीच जागा लवकर पेटते. दोघं एकमेकांना चढवत राहतात. याचा अर्थ एका भांडणात वाढलेलं हार्मोन त्या भांडणाला उशिरा का पोचेना, पुढच्या भांडणाला तयार असतं, आणि दिवसभर बारीकसारीक कारणांनी तापलेला माणूस संध्याकाळी क्षुल्लक गोष्टीवर का भडकतो ते इथून बऱ्यापैकी समजतं. माणसांवरही प्रयोग झालेत. २०१० च्या एका अभ्यासात लोकांना २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन दिलं, म्हणजे गोळीतून कॉर्टिसॉलच, आणि मग एका खेळात न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाजाचा झटका द्यायची सोय दिली. बायकांनी जास्त जोराचे झटके दिले. पुरुषांमध्ये फरक दिसला नाही. आता रस्त्यावरच्या व्हिडिओतले मारणारे बहुतेक कोण असतात ते आठवा आणि हा निकाल "कॉर्टिसॉलमुळे झालं बिचाऱ्याकडून" या वाक्यात बसवून दाखवा.

आणि खरी पंचाईत पुढेच आहे. कीथ मॅकबर्नेट आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये उपचारासाठी आणलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांची लाळ तपासली, तर जी मुलं वर्षानुवर्षं सातत्यानं मारकुटी राहिली त्यांचं कॉर्टिसॉल कमी निघालं. जास्त नाही, कमी! हालर यांनी उंदरांमध्ये हेच मुद्दाम घडवून पाहिलं, अॅड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या आणि हार्मोन अगदी थोडं, सपाट पातळीवर ठेवलं. नेहमीच्या भांडणात उंदीर पाठीला, कमरेकडे चावतो, जिथं फार इजा होत नाही, आधी अंग फुगवून इशाराही देतो. हे हार्मोन-कमी उंदीर इशारा न देताच चावायचे आणि थेट डोकं, गळा, पोट पकडायचे, अंगात फारशी खळबळ न होता. म्हणजे एक मारकुटेपणा तापलेला, चिथावणीला उत्तर म्हणून येणारा, आणि दुसरा थंड, हवं ते मिळवायला मुद्दाम वापरलेला. माणसांमध्येही ही विभागणी संशोधक १९८० च्या दशकापासून करत आलेत. एकात हार्मोनची यंत्रणा जास्त चालते, दुसऱ्यात ती मंद असते, भीती नाही, शिक्षेचा धाक नाही, समोरच्याच्या वेदनेनं आतलं काही हलत नाही. मग कॉर्टिसॉल उतरवायचं म्हणजे कुणाचं उतरवायचं? दुसऱ्या प्रकाराचं तर वाढवायला लागेल. (पावडरवाल्यांनी हे वाचू नये, उद्या तीही विकतील.) बरं, सगळ्या मुलांचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये हिशोब मांडला गेला तेव्हा साधं कॉर्टिसॉल आणि आक्रमक वागणं यांचा संबंध फिकाच निघाला, शाळेआधीच्या वयात थोडा एका दिशेनं, शाळेच्या वयात थोडा उलट्या दिशेनं. एवढ्या आधारावर कुणी माणूस ओळखून दाखवतो म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

टेस्टोस्टेरॉनवाल्यांचं एका दमात उरकतो. पुरुषी हार्मोन म्हणजे मारामारी हे सगळ्यांना इतकं उघड वाटतं की कुणी आकडा विचारतच नाही. २०२० मध्ये जे एकत्रित विश्लेषण झालं त्यात माणसांमधला हा संबंध ०.०५ च्या आसपास निघाला, जिथं ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे पक्कं नातं. मग २०१० पासून एक हुशार कल्पना चालू होती की टेस्टोस्टेरॉन जास्त आणि कॉर्टिसॉल कमी अशी जोडी असली की माणूस वर्चस्व गाजवतो. ऐकायला फार छान, पण २०१९ मध्ये सगळं गोळा करून पाहिलं तर तिलाही आधार अगदीच पातळ.

आता दुसरी पार्टी. त्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते थोडं नाहीये. जुळ्यांच्या अभ्यासातून आक्रमकतेतल्या माणसामाणसांमधल्या फरकाचा ढोबळमानानं निम्मा वाटा आनुवंशिक निघतो. जुळवून घेण्याचा, दुसऱ्याचं ऐकण्याचा गुण ज्यांच्यात कमी त्यांच्यात मारकुटेपणा जास्त, हे वेगवेगळ्या चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांना संशोधक आजपर्यंत सोडत नाहीयेत, त्यात तिसऱ्या वर्षी जी मुलं उतावीळ, चिडकी, अजिबात न आवरणारी म्हणून नोंदली गेली त्यांच्यात २१ व्या वर्षी गुन्ह्यात अडकलेले जास्त निघाले. तीन वर्षांचं पोर! हे ऐकल्यावर "जित्याची खोड" म्हणणाऱ्याला मान हलवून दाद द्यावीशी वाटते.

पण थोडं थांबून बघा. जास्त निघाले म्हणजे सगळे निघाले नाहीत, त्या गटातले बरेच जण धड निघाले आणि दुसऱ्या गटातलेही काही बिघडले. शिवाय स्वभाव म्हणजे दगडावरची रेघ नाही, दीर्घकाळाच्या अभ्यासांमधून सरासरी माणूस वीस-तीस-चाळीस असं वय वाढताना जास्त समंजस, जास्त जबाबदार, कमी भडकणारा होत जाताना दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, २००६ मध्ये अॅन बेटनकोर्ट आणि सहकाऱ्यांनी स्वभाव आणि आक्रमकता यावरचे प्रयोग एकत्र केले तेव्हा असं दिसलं की काही गुण, जसं की चिडखोरपणा, कुणी डिवचलं नसतानाही बाहेर येतात, पण अहंकार, मनात राग घोळवत बसणं, सतत स्पर्धेच्या घाईत असणं हे गुण मारामारीपर्यंत पोचतात ते कुणी डिवचलं की, एरवी ते गप्प पडून असतात. म्हणजे स्वभाव ही नुसती तयारी झाली. मग डिवचलं गेलं असं कधी वाटतं? कुणाचं बोलणं लागतं आणि कुणाचं गिळून टाकता येतं? गाडीला गाडी घासली तर समोरून पोलिसाची गाडी असल्यावर तोच चिडखोर माणूस काच खाली करून "सॉरी साहेब" म्हणतो की नाही?

इथंच माझा मुद्दा आहे. "ताबा सुटला" म्हणणाऱ्या माणसाकडे जवळून बघा. फोनवर वरिष्ठ झापतायत, हा उभा राहून "हो सर, नाही सर, लगेच करतो सर" करतोय, कानाच्या पाळ्या लाल, दुसऱ्या हातातलं पेन दाबून दाबून वाकलंय, हार्मोन म्हणाल तर या क्षणी अगदी वर चढत असणार. आवाज एक पट्टीसुद्धा वर जात नाही. फोन ठेवला, वीस मिनिटांनी हाताखालच्या पोरानं फाईल चुकीची आणली आणि मग जे काही उधळलं ते सगळं त्याच्यावर, आणि उरलेलं घरी बायकापोरांवर. आता हा माणूस नंतर सांगणार की माझा ताबा सुटला, आणि आपण सगळे समजूतदारपणे माना डोलावणार. पण सुटलेल्या ताब्याला पगाराची उतरंड कशी काय कळते? वड्याचं तेल वांग्यावर निघतं तेव्हा ते वांगं इतकं अचूक कोण निवडतं? ज्याला शरीर आवरत नाही म्हणायचं त्यानं वीस मिनिटांपूर्वी तेच शरीर उत्तम आवरून दाखवलेलं असतं. अपवाद आहेत, मेंदूला इजा झालेले, काही आजारांमधले, त्यांचा ताबा खरंच कुणावरही सुटतो, समोर डॉक्टर असो की स्वतःची आई, आणि त्यांना उपचारच लागतात. पण म्हणूनच ते ओळखूही येतात. बाकी बहुसंख्य लोकांचा राग फार हिशोबी असतो.

माकडांमध्येही अगदी हेच आहे आणि तिथं निदान कुणी बहाणे सांगत नाही. रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियात बबून माकडांचे कळप कित्येक वर्षं पाहिले, रक्त काढून हार्मोन मोजले. मोठ्या नराकडून मार खाल्लेला मधला नर वळून लहानाला चावतो, तो मादीला, मादी पिल्लाला. आणि जे नर असा राग दुसऱ्यावर काढतात त्यांचं स्ट्रेस हार्मोन कमी राहतं. हे वाचून अंगावर काटा यायला हवा, कारण याचा अर्थ मारणं हा स्ट्रेसचा नुसता परिणाम राहत नाही, मारणाऱ्याच्या शरीरासाठी तो स्ट्रेसवरचा उपाय होतो, दुसऱ्याच्या खर्चानं. मग "तो स्ट्रेसमध्ये आहे, समजून घ्या" म्हणताना आपण नक्की कोणाला समजून घेतोय? ज्याला चावलं त्याचंही कॉर्टिसॉल असतंच की, त्याची लाळ तपासायला कोण गेलं?

त्याच संशोधनातला दुसरा भाग दुसऱ्या पार्टीनं वाचावा. १९८० च्या दशकात तिथल्या एका कळपातले दांडगे नर शेजारच्या पर्यटक लॉजच्या उकिरड्यावर खायला जायचे, तिथं दुसऱ्या कळपाशी भांडावं लागायचं म्हणून फक्त भांडकुदळच जायचे. त्या उकिरड्यात क्षयाचं दूषित मांस आलं आणि कळपातले जवळजवळ निम्मे नर, तेच दांडगे, मेले. मागे राहिले मवाळ नर आणि माद्या. कळप शांत झाला, इथपर्यंत दुसरी पार्टी म्हणेल, बघा, वाईट स्वभावाचे गेले आणि प्रश्न सुटला. पण बबूनमध्ये नर वयात आले की जन्माचा कळप सोडून दुसरीकडे जातात. १९९३ पर्यंत त्या कळपातले सगळे मोठे नर बाहेरून आलेले होते, नेहमीच्या मारकुट्या कळपांमध्ये वाढलेले, नेहमीच्या स्वभावाचे. तरीही कळप शांतच राहिला, नवीन आलेल्यांनाही इथं खालच्यावर तुटून पडायची पद्धत नाही हे काही महिन्यांत कळायचं, आणि खालच्या पायरीवरच्या नरांमध्ये एरवी दिसणाऱ्या स्ट्रेसच्या खुणा इथं दिसत नव्हत्या. नर बदलले, स्वभाव पुन्हा तेच सरमिसळ, फक्त मुभा गेलेली. एकाच कळपाची गोष्ट आहे, मान्य, एका कळपावरून सिद्धांत उभा राहत नाही.

म्हणून माणसांचा मोठा हिशोब घ्या. पश्चिम युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात दर वर्षी लाख लोकांमागे साधारण २० ते ४० खून व्हायचे असं जुन्या नोंदींवरून काढलेलं आहे, विसाव्या शतकात ते १ च्या आसपास आले. त्या काळच्या खुनांत मोठा भाग तरुण पुरुषांचा, शब्दाला शब्द लागून, अब्रूच्या नावाखाली. अॅड्रिनल ग्रंथी तेव्हाही किडनीवरच होती. कुणी म्हणेल पाचशे वर्षांत फाशी देऊन देऊन वाईट जनुकं गाळली गेली. बरं, मग अमेरिकेचं बघा, १९९१ मध्ये लाखामागे ९.८ खून आणि २००० मध्ये ५.५. नऊ वर्षांत कोणाची जनुकं गाळली? त्या घसरणीची कारणं काय यावर अभ्यासक अजून भांडतायत, पण नऊ वर्षांत अमेरिकन माणसाची जनुकं बदलली हे काही त्याचं उत्तर नाही.

मग हा वाद असाच चालू राहिला तर बिघडतं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं, आणि आधी बिघडलेलं आहे. इटालियन डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसोनं १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून आणि कानांवरून ओळखता येतो असं मांडलं, आणि कित्येक दशकं शिकलेली माणसं कैद्यांची डोकी मोजत बसली. त्याला हसू नका, कारण १९६५ मध्ये, म्हणजे चंद्रावर जायची तयारी चालू असताना, स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त मनोरुग्णालयात एक वाय क्रोमोझोम जास्त असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त सापडले आणि लगेच "खुनी क्रोमोझोम" म्हणून बोंब उठली. शिकागोच्या एका कुख्यात खुन्यात तो आहे म्हणून छापून आलं, त्याच्यात तो नव्हताच. बॉस्टनमध्ये नवजात मुलांची तपासणी सुरू झाली, म्हणजे पाळण्यातल्या पोराच्या आईबापाला सांगायचं की याच्यावर लक्ष ठेवा, आणि विरोध झाल्यावर १९७५ मध्ये ती थांबवावी लागली. १९७६ मध्ये डेन्मार्कमधला मोठा अभ्यास आला, तर हे पुरुष जास्त हिंसक नाहीत, पकडले गेले ते बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत. तोपर्यंत दहा वर्षं गेली होती. आता क्रोमोझोमच्या जागी लाळेची चाचणी ठेवा आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला किंवा शाळेच्या प्रवेशाला ती मागणारा कुणीतरी निघणारच नाही असं छातीठोकपणे सांगता येतं का बघा.

पहिल्या पार्टीची वाट कोर्टात जाते. इटलीत त्रिएस्तेच्या अपील कोर्टानं २००९ मध्ये एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली, कारणांत त्याची जनुकं आक्रमकतेकडे झुकणारी आहेत हेही होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला दिला, आरोपी थंड, निर्दय स्वभावाचा म्हणून निदान झालेला. ज्यांना त्यामागची मेंदूची आणि जनुकांची कारणमीमांसाही सांगितली त्यांनी सरासरी वर्षभर कमी शिक्षा दिली. गंमत म्हणजे कारण कळल्यानं आरोपी कमी धोकादायक होत नाही, उलट तोच पुन्हा करेल असंही त्याच माहितीवरून म्हणता येतं. एकच रिपोर्ट वकील सुटकेसाठी वापरणार आणि सरकारी पक्ष जन्मठेपेसाठी, आणि ज्याला मारलं तो कोण होता, त्याच्यावरच हात का पडला, यातलं काहीच त्या रिपोर्टात नाही.

म्हणजे हार्मोनचं संशोधन निरुपयोगी का? अजिबात नाही, फक्त ते उलट्या बाजूनं वाचायला लागतं. "राग बाहेर काढून टाक, उशीला मार, वस्तू फोड" हा सल्ला अजूनही दिला जातो, त्यावरचे १५४ अभ्यास २०२४ मध्ये एकत्र केले तर शरीर आणखी तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, सावकाश श्वास, शिथिलीकरण, ध्यान अशा शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी उतरतो. तापट माणसाला याचा उपयोग आहे. थंड डोक्याच्याला नाही, तो आधीच थंड आहे, त्याला कळायला हवं की हे इथं चालणार नाही. आणि वागणूक बदलून हार्मोन बदलतं का, तर लॉरी ब्रॉटमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये धोक्याच्या वळणावर असलेल्या घरांमधल्या शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर ते तपासलं. अनोळखी मुलांमध्ये मिसळायच्या वेळी साध्या मुलांचं कॉर्टिसॉल वाढतं तसं या मुलांचं वाढत नव्हतं. गोळी कुणालाच दिली नाही, आईबापांना शिकवलं, न मारता शिस्त कशी लावायची, पोराशी खेळायचं कसं, आणि त्यानंतर या मुलांचं कॉर्टिसॉल अशा प्रसंगी साध्या मुलांसारखं वाढायला लागलं.